स्नोबोर्डचे बूट आणि बाइंडिंग: या चुका टाळा

फेब्रुवारीत गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत उभं राहिलं की पुण्यामुंबईची मराठी हमखास कानावर पडते. हल्ली त्यातले बरेच जण स्की सोडून थेट स्नोबोर्डच भाड्याने घेतात. घ्या, मजा आहे. पण मग संध्याकाळी तेच रडगाणं: टाच उचलते, तळवे पेटतात, बोर्ड ऐकत नाही, दादा आमच्यात बॅलन्सच नाही. बॅलन्स नंतर बघू. आधी बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डावर स्क्रूने बसवलेल्या पट्ट्यांच्या पकडीत, कसा बसलाय ते दाखवा.

पहिली चूक दुकानातच होते. आपल्याकडे बुटांवर नंबर असतो यूकेचा, आणि बाइंडिंगचा तक्ता बहुतेक वेळा अमेरिकन मापात. पुरुषांचा यूके ८ म्हणजे साधारण अमेरिकन ९, आणि मॉन्डो मापात २७, म्हणजे २७ सेंटिमीटरचं पाऊल. "माझा आठ नंबर" एवढं सांगून जो उभा राहतो त्याच्या हातात एक नंबर लहान माल पडू शकतो. मॉन्डो सांगा, वाद मिटतो. तरीही बाइंडिंगचं स्मॉल, मीडियम, लार्ज प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि एकाच नंबरच्या दोन बुटांचे बाहेरचे तळ एकसारखे लांब नसतात. त्यामुळे तक्ता घरी बसून वाचायला ठीक. दुकानात मात्र बूट पायात घालून बाइंडिंगमध्ये उभं राहायचं. टाच मागच्या हीलकपला, म्हणजे टाचेभोवतीच्या कमानीला, पूर्ण टेकली पाहिजे, आणि बूट आत डावीउजवीकडे हलता कामा नये. पट्टा शेवटच्या दातापर्यंत ओढूनही ढिला राहत असेल तर बाइंडिंग मोठी आहे. बूट कडांना घासत आत जात असेल आणि टाच मागे पोचतच नसेल तर ती लहान आहे. "चालेल हो, थोडंसंच आहे" असं म्हणणारा दुकानदार तुमच्याबरोबर उतारावर येणार नसतो.

मोजे एकावर एक दोन घालू नका. एकच, पिंडरीपर्यंत येणारा, सुती नसलेला. थर्मलची कड बुटात कोंबू नका. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता फक्त बोट दाखवतो.

आता माझा लाडका विषय: बोर्डावर आडवा राहणारा बूट दोन्ही कडांच्या मध्यभागी नसणं. याकडे कुणीच बघत नाही, कारण बूट बाइंडिंगमध्ये छान बसलेला असतो आणि बाइंडिंग घट्ट कसलेली असते. काम झालं असं वाटतं.

नाशिकचा एक उंच मुलगा होता, मॉन्डो २९ चं पाऊल. सेकंडहँड बोर्ड मोठ्या हौसेने घेऊन आलेला. गोंडोलाच्या मधल्या स्टेशनहून, कोंगडोरीहून, खाली येताना, रात्री गोठून कडक झालेल्या बर्फावर, टाचेवरची वळणं त्याला जमत होती. चवड्यावर वळला की मात्र बोर्ड पायाखालून निघून जायचा आणि हा नाकावर. सोबतचे सगळे ओरडत होते, गुडघे वाकव, कड अजून दाब. तो बिचारा दाबत होता, आणि जितका जास्त दाबायचा तितका लवकर पडायचा. ही खूण लक्षात ठेवा. कड जास्त उभी केल्यावर पकड सुटत असेल तर बुटाचं टोक बर्फात घासतंय आणि कडेला वर उचलतंय.

चहाच्या टपरीशी त्याचा बोर्ड घेतला, बूट बाइंडिंगमध्ये बांधून उलटा केला. पुढे बुटाचं टोक कडेच्या चार बोटं बाहेर, आणि मागे टाच कडेच्या आतच! आधीच्या मालकाने डिस्क, म्हणजे बाइंडिंग बोर्डाला जखडणारी मधली गोल चकती, अशी बसवली होती की तिच्या खाचा बोर्डाच्या लांबीला समांतर होत्या. त्यामुळे पायांतलं अंतर कमीजास्त करता येत होतं, पण बाइंडिंग टोकाकडे किंवा टाचेकडे सरकवायला जागाच नव्हती. स्क्रू काढले, डिस्क पाव फेरा फिरवली, बाइंडिंग टाचेकडे ओढली आणि पुन्हा कसली. दहा मिनिटांचं काम. त्यातली पाच मिनिटं बधिर बोटांतून निसटलेला स्क्रू शोधण्यात गेली. दुपारीही पडला तो, पण आता स्वतःच्या कर्तृत्वाने.

माझी पद्धत अशी. आधी बाइंडिंगचा कोन ठरवायचा (अधिक म्हणजे बुटाचं टोक बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेलं, उणे म्हणजे मागच्या), कारण कोन बदलला की बाहेर येणारा भागही बदलतो. नवख्याने पुढचा पाय अधिक १५ अंश, मागचा उणे ६ ते उणे १५, इथून सुरुवात करावी. मग दोन्ही बूट बांधून बोर्ड उलटा करायचा आणि कडेबाहेर येणारा बुटाचा तळ पट्टीने मोजायचा. बाइंडिंग नव्हे, बूट. टोकाकडे आणि टाचेकडे सारखाच, एखाद-दोन सेंटिमीटरपर्यंत बाहेर आला तर उत्तम. दोन्हीकडे त्याहून बराच जास्त येत असेल तर बोर्डच अरुंद आहे. वाइड बोर्ड मागा, बाइंडिंगशी कुस्ती खेळू नका. हे सगळं हॉटेलच्या खोलीत, आदल्या रात्री. ज्यांना दुसऱ्याच दिवशी वर अफरवटच्या डोंगरावर जाऊन रील काढायचं असतं, त्यांना ही अर्ध्या तासाची मेहनत जड जाते.

घोट्याचा पट्टा आवळल्यावर त्याची गादी पावलाच्या बरोबर मध्यावर यायला हवी. एका बाजूला झुकत असेल तर रॅचेट, म्हणजे पट्टा आवळणारं दातेरी बकल, आणखी पिळू नका, पट्ट्याची दुसऱ्या टोकाची लांबी बदला. तळवे पेटतात ते बऱ्याचदा या पिळण्यामुळेच.

रॅचेट बाहेरच्या बाजूला. आत आले असतील तर डावीउजवी बाइंडिंग अदलाबदल झाली आहे.

पुढचा पट्टा हल्ली बहुधा बुटाच्या टोकावर टोपीसारखा बसवायचा असतो. बोटांवर आडवा ओढू नका.

हायबॅक, म्हणजे पिंडरीमागचा उभा टेकू, बोर्डाच्या टाचेकडच्या कडेला समांतर फिरवा. त्याचा पुढचा कल सुरुवातीला शून्यावर ठेवा. नाहीतर दुपारपर्यंत मांड्या भरून येतील आणि दोष पुन्हा बॅलन्सला जाईल.

बाइंडिंगचा पुढचा पेडल सरकता असेल तर तो बुटाच्या पुढच्या भागाखाली येईपर्यंत बाहेर काढा.

बांधण्याआधी तळाला चिकटलेला बर्फ खरवडा. त्याचा थर राहिला तर आदल्या रात्री घेतलेली सगळी मापं वाया.

स्टेप ऑन बाइंडिंगला, म्हणजे पट्ट्यांशिवाय नुसता पाय दाबून अडकणाऱ्या प्रकाराला, स्टेप ऑनचेच बूट लागतात. साधा बूट घालून, जोरात दाबून काही होत नाही.

आणि स्क्रू. तीन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या, चारही स्क्रू आधी हलके, मग समोरासमोरचे जोडीने घट्ट. अंगातली सगळी ताकद लावली तर तळाला खळगे पडतात. लॉकटाइट (स्क्रू पक्का धरणारा गोंद) ओतायचा शॉर्टकट मला मान्य नाही, प्लास्टिकच्या डिस्कला त्याने तडा जाऊ शकतो. पहिल्या उतरणीनंतर थांबून एकदा तपासायचं, बस. दोन जादा स्क्रू खिशात ठेवा, बोर्डाबरोबर आलेत त्याच लांबीचे. लांब स्क्रू तळाला आतून ढकलतो आणि आखूड आट्यांत नीट धरत नाही.