हिंडलगा जेलात पहिल्यांदा येणाऱ्या आपल्या माणसांसाठी

हे आतल्याला वाचायला मिळणार नाही. म्हणून घरच्यांनी वाचावं आणि मुलाकातीत त्याच्या कानावर घालावं. मी चंदगड तालुक्यातला. केस कर्नाटक हद्दीत झाली म्हणून बेळगावच्या सेंट्रल जेलात, म्हणजे याच हिंडलग्यात, बरीच वर्षं काढली. आता बाहेर आहे, तरी शिनोळी, कोवाड, गडहिंग्लजकडचं कोणी ना कोणी विचारायला येतंच, आणि सगळ्यांची रड एकच असते.

पहिल्या रात्री झोप कोणालाच लागत नाही. नव्याला जागा मिळते संडासाच्या बाजूला. त्यावरून भांडू नका. कोणी सुटला, कोणाची बदली झाली की आपोआप पुढे सरकता येतं. सकाळी मोजणी असते. जोड्या करून खाली बसायचं आणि टोटल जुळेपर्यंत उठायचं नाही. एक आकडा चुकला की सगळ्यांचा चहा अडतो आणि राग निघतो नव्यावर. पाणी आलं की आधी बादली भरा, तोंड मग धुवा. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा जोड जास्त ठेवा. खाण्याचं म्हणाल तर उप्पीट, चित्रान्न, सांबार-भात गोड मानून घ्या. 'कळंब्याला (कोल्हापूरच्या जेलात) असं नव्हतं' हे ऐकून ऐकून माझे कान किटले. इथं कळंबा नाही.

आपल्या माणसांची एक खोड मला कधीच पटली नाही. चार मराठी एका कोपऱ्यात जमतात, दिवसभर गावच्या भानगडी चघळतात आणि वर्ष झालं तरी कन्नड शिकत नाहीत. बेळगावात वॉर्डरलाही मराठी समजतं, म्हणून खपून जातं. पण अर्ज, रजिस्टर, कोर्टातला कागद सगळं कन्नडात. गोकाक-बागलकोटकडचा एखादा शिकलेला कैदी अर्ज लिहून देतो. ती माणसं मनानं चांगली असतात, 'अण्णा' म्हणायला आपलं काय जातं? मात्र कोणताही कागद ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि बराकीत सीमाप्रश्न काढू नका. 1 नोव्हेंबरला तर नाहीच. आपल्याला तो काळा दिवस, शेजारच्याला राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस. 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा तुम्ही दोघं भांडून थोडाच निकाली निघणार आहे!

मोबाईल कोणी हातात दिला तर घेऊ नका. जानेवारी 2023 मध्ये गडकरींच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचा फोन गेला, त्याचा तपास याच जेलपर्यंत आला. फोन दुसऱ्याचा असला तरी झडतीत ज्याच्याकडे सापडतो, त्याच्यावर नवी केस.

आता मुद्द्याचं. माझ्या पाहण्यात आपली माणसं जामीन नाकारल्यामुळे अडकली त्यापेक्षा जास्त जामीनदार न मिळाल्यामुळे अडकली. आमच्या बराकीत आजरा भागातला एक पोरगा होता. जामीन मंजूर झाला, पेढे वाटायचे तेवढे राहिले. भाऊ सातबारा घेऊन कोर्टात गेला. तिथं म्हणाले, जामीनदार इथलाच हवा, उतारा कर्नाटकातला हवा. आजऱ्याच्या माणसानं तो आणायचा कुठून? बाहेर चहाच्या टपरीवर एक जण भेटला. माणूस, आधार कार्ड, उतारा, सगळं तयार आहे म्हणाला. घरची म्हैस विकून भावानं पैसे दिले. नंतर कळलं, तो जामीनदार आधीच कितीतरी जणांसाठी उभा राहिलेला. जामीन गेला, म्हैस गेली, वर खोट्या कागदाची चौकशी भावाच्या मागे लागली. टपरीवरचा जामीनदार घेऊ नका. पोराला आणखी महिनाभर आत राहावं लागलं तरी चालेल, पण घेऊ नका.

त्यापेक्षा वकिलाला सांगा. जामीनदार किंवा त्याची मालमत्ता परगावची आहे म्हणून त्याला नाकारू नये, हे सुप्रीम कोर्टानं 1978 मध्येच मोती राम खटल्यात सांगून ठेवलंय. 31 जानेवारी 2023 च्या आदेशातही स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी माणसं अडकून राहतात हे म्हटलंय. जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. पण हे आपण बोललो तर होतं. गप्प बसलो तर तारखेवर तारीख.

कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. आपल्या लोकांना फुकटचा म्हणजे हलका वाटतो. मग कोल्हापूरहून दर तारखेला गाडीभाडं देऊन वकील आणतात, आणि त्याला साक्षीदाराचा कन्नड जबाब वाचता येत नाही! इथलाच वकील घ्या. वरच्या कोर्टात जायचं झालं तर ते कर्नाटक हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ, मुंबई नव्हे.

दिवस स्वतः मोजा. पहिल्या रिमांडपासून गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन हक्कानं मिळतो, पण अर्ज चार्जशीट यायच्या आधी पडला पाहिजे. नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 479 प्रमाणे पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं, म्हणजे खटला अजून चालू असलेल्यानं, जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तरीही नाही. पुढे शिक्षा झालीच तर कच्चे असतानाचे दिवस त्यातून वजा होतात.

मुलाकातीला येणाऱ्यांनी मूळ ओळखपत्र आणावं. जाळीपलीकडे सगळेच ओरडत असतात, त्यामुळे काय विचारायचं ते घरूनच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणा आणि जाळीला लावून दाखवा. लहान पोरांना आणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.