चिपलेस आरएफआयडी टॅग लहान करताना या चुका टाळा

आरएफआयडी टॅग म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारी ओळखपट्टी. चिपलेस टॅगमध्ये चिप नसते, ठराविक फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद देणारे धातूचे आकार, म्हणजे रेझोनेटर, असतात. ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कुठे खाच (सिग्नलमधली अरुंद घट) दिसते आणि कुठे नाही, हाच त्याचा कोड: खाच असली तर बिट एक, नसली तर शून्य. त्यामुळे टॅग लहान करण्याआधी या खाचा वेगळ्या ओळखू येतील का, ते तपासा.

सगळ्यात महागात पडतं ते एफआर-४ या नेहमीच्या सर्किट-बोर्डाच्या शीटवर बिट दाटीवाटीने बसवणं. त्याचा लॉस टॅन्जंट (पदार्थात किती ऊर्जा वाया जाते त्याचं माप) साधारण ०.०२ असतो, म्हणजे मायक्रोस्ट्रिप (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीच्या) रेझोनेटरचा क्यू जेमतेम ५०; क्यू जितका कमी तितकी खाच रुंद. ५ गिगाहर्ट्झला खाच १०० मेगाहर्ट्झ रुंद होते. ५० मेगाहर्ट्झवर पुढचा बिट ठेवलात की दोन्ही खाचा एकमेकींत मिसळतात. दाट बिट हवेच असतील तर ०.००२७ लॉस टॅन्जंटचं आरओ-४००३सी हे कमी-लॉसचं शीट घ्या.

एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक स्थिरांकही (पदार्थात लहर किती मंदावते ते ठरवणारा आकडा) शीटगणिक बदलतो. ४.४ धरून काढलेला ५ गिगाहर्ट्झचा पाव-तरंगलांबी स्लॉट (रेझोनेटर म्हणून तांब्यात कापलेली चीर) सुमारे ९.१ मिमी येतो. शीट प्रत्यक्षात ४.२ ची निघाली तर खाच जवळपास ९५ मेगाहर्ट्झ वर सरकते. एचिंगमध्ये (नको असलेलं तांबं रसायनाने काढताना) लांबी ०.१ मिमीने चुकली तर आणखी ५५. म्हणून आधी त्याच शीटवर एकच रेझोनेटर करून मोजा, खरा स्थिरांक काढा, मगच पूर्ण लेआउट करा.

जागा वाचवायला रेझोनेटर फ्रिक्वेन्सीच्या क्रमाने शेजारी-शेजारी लावू नका. कपलिंगमुळे, म्हणजे जवळच्या रेझोनेटरांच्या एकमेकांवरच्या परिणामामुळे, ते एकमेकांच्या फ्रिक्वेन्सी ढकलतात. आठ बिटांना फ्रिक्वेन्सीच्या चढत्या क्रमाने १ ते ८ नंबर दिले, तर १, ५, २, ६, ३, ७, ४, ८ असा क्रम बरा. शून्यासाठी रेझोनेटर काढून टाकला तरी शेजारच्या खाचा हलतात. तो जागेवरच ठेवून शॉर्ट करा आणि त्याची फ्रिक्वेन्सी पट्ट्याबाहेर गेली का ते बघा. सिम्युलेशन सगळे बिट एक धरून थांबवू नका. १०१०१०१० आणि ०१०१०१०१ हे दोन कोड तरी चालवाच.

पाव-तरंगलांबी स्लॉट तिप्पट फ्रिक्वेन्सीलाही खाच देतो: ३.२ गिगाहर्ट्झचा स्लॉट ९.६ वर खोटा बिट दाखवेल.

मोजताना व्हीएनएवर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण पट्ट्यासाठी २०१ पॉइंट ठेवले तर पायरी ३७.५ मेगाहर्ट्झची होते, अरुंद खाच मधल्यामध्ये निसटते. १६०१ पॉइंट घ्या. टॅगशिवायचं मोजमाप वजा करा, नाहीतर भिंतीचं परावर्तनच वाचत बसाल. अँटेना आणि टॅग यांच्यातलं अंतर टॅगच्या आकारावरून ठरवू नका. १५ सेंमी तोंडाच्या हॉर्न अँटेनाला १० गिगाहर्ट्झला दीड मीटर लागतं.

शेवटची चाचणी टॅग ज्यावर चिकटणार त्याच वस्तूवर घ्या. पुठ्ठ्यावर सगळ्या खाचा खाली सरकतात. धातूवर, टॅगला ग्राउंड प्लेन (मागचा तांब्याचा सलग थर) नसेल तर, त्या बहुधा दिसेनाशाच होतात.