देवाला सगळं आयुष्य द्यायची भीती वाटते? या चुका टाळा

प्रार्थनेत सगळं मागायचं, पण एक विषय मुद्दाम गाळायचा. ही चूक मला सतत दिसते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका भाऊंचे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे यंत्रमाग आहेत. मुलीचं लग्न, आईचे गुडघे, पाऊस, सगळ्यासाठी ते प्रार्थना करायचे. कामगारांच्या थकलेल्या मजुरीचं नाव मात्र कधी नाही. एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "काका, तो विषय काढला तर देव मागच विकायला लावेल."

मी त्यांच्यापुढे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय उघडून ठेवला. जक्कय मुख्य जकातदार, पैसेवाला. येशूनं त्याच्याकडे पैसा मागितलाच नाही. आज तुझ्या घरी उतरायचंय, एवढंच म्हणाला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत, हे जक्कय आपणहून बोलला. येशू आधी आला, देणं नंतर सुचलं. आपण घाबरून आधी देण्याचा हिशेब मांडत बसतो. भाऊंनी बरेच दिवस घेतले, पण दिवाळीआधी मजुरी चुकती केली. माग चालूच आहेत.

येशूनं एका श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं होतं, हेही खरं. पण मार्क १०:२१ पूर्ण वाचा. येशूनं त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, मग सांगितलं. घाबरलेली माणसं नेमकं तेवढंच गाळून वाचतात.

दुसरी चूक घाईची. संजीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवायच्या प्रार्थनासभेत, रडून हात वर केला की समर्पण झालं, असं नवख्यांना वाटतं. हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना कित्येक वर्षांनी उमगलं, आणि त्यांनी ते स्वतः लिहून ठेवलंय. एवढ्या विदुषीला वर्षं लागली, तर तुम्ही एका रात्रीत का मागता?

"आधी सुधारतो, मग येतो" म्हणू नका. येशूचा शिष्य पेत्रही त्याला म्हणाला होता, माझ्यापासून जा, मी पापी आहे. येशू गेला नाही.

भीती देवापासून लपवूही नका. मी रोज रात्री एकच विषय घेतो आणि मोठ्यानं सांगतो, "प्रभू, इथं मला तुझी भीती वाटते." पुढे शब्द सुचले नाहीत तर मार्क ९ मध्ये आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेल्या बापाचे वापरतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. विषय सुटेपर्यंत दुसरा घेत नाही.