कॉर्नर वेटिंग शिकताय? पाना जरा उशिरा उचला

रेस टीममध्ये किंवा ट्रॅकच्या गाड्या करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नवीन आलं की सगळ्यांचा डोळा असतो त्या चार डिजिटल वजनकाट्यांवर. प्रत्येक चाकावर किती वजन येतं ते त्यांच्यावर मोजून जुळवायचं, हेच कॉर्नर वेटिंग. गाडी चढवली, स्क्रीनवर चार आकडे आले, कॉइलओव्हरची (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला भाग) कॉलर, म्हणजे स्प्रिंग वर-खाली करणारी रिंग, फिरवली, झालं काम, असंच वाटतं. मी बरीच वर्षं हे करतोय, हल्ली नवीन मुलांना शिकवतोही, आणि माझं मत सरळ आहे, कॉलर फिरवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, आकडा भरवशाचा मिळवणं हेच खरं काम.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॉलर फिरवून पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे एकूण किती वजन आहे ते बदलत नाही. त्यासाठी बॅटरी हलवा, सीट हलवा, बॅलास्ट (मुद्दाम लावलेलं जास्तीचं वजन) टाका, म्हणजे खरोखर वस्तू उचलून दुसरीकडे न्यायला लागते. कॉलरने बदलतं ते फक्त तिरपं वाटप. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवली की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर येतो, बाकीचे दोन हलके होतात, गाडीतही तसंच. पुढचं उजवं अधिक मागचं डावं, भागिले एकूण वजन, याला क्रॉस वेट म्हणतात आणि डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या ट्रॅकसाठी ते 50 टक्के धरून चालतात. (ओव्हल म्हणजे अंडाकृती ट्रॅकवाले मुद्दाम वेगळं ठेवतात, त्यांना एकाच बाजूला वळायचं असतं.)

आता एक उदाहरण घेऊ, ड्रायव्हर उजवीकडे बसतो अशी गाडी, ड्रायव्हरसकट 1120 किलो. पुढे डावं 282, उजवं 264, मागे डावं 258, उजवं 316. क्रॉस आलं 522, म्हणजे 46.6 टक्के. ही गाडी डाव्या वळणात मागून सुटायला बघेल, उजव्या वळणात पुढून ढकलत, म्हणजे कमी वळून बाहेर जाईल, आणि सरळ ब्रेक मारला तर पुढचं उजवं चाक आधी लॉक व्हायची शक्यता जास्त, कारण त्याच्यावर भार कमी. ड्रायव्हर येऊन म्हणतो गाडी दोन्हीकडे सारखी वळत नाही, तेव्हा आधी हे बघायचं.

इथे नवीन माणूस हमखास पुढची दोन चाकं सारखी करायला जातो, 273 आणि 273. दिसायला छान, पण मग मागे 267 आणि 307 होतात आणि क्रॉस 48.2 वरच अडकतं. 50 टक्क्यांना याच गाडीचे आकडे येतात पुढे 263 आणि 283, मागे 277 आणि 297, कारण उजवीकडे मुळातच 40 किलो जास्त आहेत आणि ते कॉलरने जाणार नाहीत. काही जण ब्रेकिंगसाठी मुद्दाम पुढची चाकं सारखी ठेवतात, त्यालाही कारण आहे, पण तो समजून केलेला सौदा असला पाहिजे.

म्हणजे 50 टक्क्यांवर यायला प्रत्येक चाकावर 19 किलो इकडचे तिकडे. चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा चारही कोपऱ्यांत 50 न्यूटन प्रति मिमी धरला तर एकाच कोपऱ्यातून हे करायला जवळपास 15 मिमी उचलावं लागेल, राइड हाइटची (गाडीची जमिनीपासूनची उंची) पार वाट लागेल. तेच चार कोपऱ्यांत वाटलं, एक तिरकी जोडी वर आणि दुसरी तेवढीच खाली, तर प्रत्येकी चार मिमीच्या आतच भागतं. फक्त पुढच्या-मागच्या सस्पेन्शनचं लिव्हरेज (स्प्रिंग आणि चाक यांच्या हालचालीचं प्रमाण) वेगळं असतं हे विसरू नका, कॉलरचा एक फेरा म्हणजे दोन्हीकडे सारखी उंची नाही.

आणि हाच हिशोब उलटा केला की जमिनीचं महत्त्व कळतं. त्याच गाडीखाली एक काटा 4 मिमी उंच बसला तर प्रत्येक चाकावर साधारण 5 किलोचा फरक पडतो, क्रॉसमध्ये 10 किलो, जवळजवळ एक टक्का, आणि गाडीत काहीच बिघडलेलं नसतं! म्हणून आधी लेव्हल, लेझर असेल तर उत्तम, नाहीतर पाण्याची नळीसुद्धा चालते, काट्यांखाली पातळ पत्रे घालून चारही एका पातळीत आणा आणि जागेवर खुणा करून ठेवा.

मग टायर प्रेशर, रेसला असेल तेवढंच इंधन, सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या (पायांचं वजन फूटवेलमध्ये, सगळं सीटवर रचू नका), स्टिअरिंग सरळ, डॅम्पर (शॉकअब्सॉर्बर) मऊ, अँटी-रोल बारची (वळणात गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणारी दांडी) एका बाजूची लिंक सोडलेली. राइड हाइट वजनाच्या आधी लावायची. हँडब्रेक ओढू नका, चाकं अडकली की सस्पेन्शन नीट बसत नाही. जॅकवरून उतरवलेली गाडी तर उंचच उभी राहते, टायर बाजूला घसरायला बघतात आणि घर्षण त्यांना धरून ठेवतं, त्यासाठी सरकत्या प्लेट वापरा किंवा गाडी खाली ढकलून थोडी पुढे-मागे फिरवून परत काट्यांवर आणा, दर वेळी. कंटाळवाणं आहे, मान्य.

माझ्याकडे नवीन आलेल्याला पहिलं काम हेच, कशालाही हात न लावता तीच गाडी उतरवून-चढवून आकडे लिहायचे. दोन-तीन किलोच्या आत परत येत नसतील तर पुढे जायचंच नाही, जमीन, प्लेट, सस्पेन्शनच्या सांध्यातले बुश यापैकी कुठेतरी गडबड आहे. मुलं म्हणतात सर, आम्हाला कधी फिरवायला देणार, पण टीममध्ये भरवसा बसतो तो ज्याची शीट पूर्ण असते त्याच्यावर. इंधन किती, प्रेशर किती, कोण बसलं होतं, कोणती कॉलर किती फिरवली, सगळं. कुठे नोकरीला गेलात तर अशी भरलेली शीट दाखवा, चार प्रश्न कमी विचारतील.

क्रॉस जमलं की लॉक रिंग घट्ट करा आणि मग अलाइनमेंट, कारण उंची हलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून बघता चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही हलतात. अलाइनमेंट झाल्यावर काट्यांवर पुन्हा एकदा चढवा, थोडंसं सरकलेलं असतंच. अँटी-रोल बारची लिंक सगळ्यात शेवटी, ड्रायव्हर आत बसलेला असताना, आणि लांबी अशी जुळवायची की बोल्ट हाताने आत गेला पाहिजे. हातोडी लागली तर बारमध्ये ताण राहिला आणि क्रॉस परत गेलं, जोडल्यावर स्क्रीनकडे बघा, आकडे हलायला नकोत.