परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? रेफरन्स लेटरचं आधी बघा

गल्फमधल्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा निघाली की आपण आधी सीव्ही नीट करतो, मग डिग्रीच्या अटेस्टेशनमागे (सरकारी शिक्के मारून ती खरी असल्याचं प्रमाणित करून घेणं) धावतो, आणि रेफरन्स लेटर, म्हणजे शिफारसपत्र, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवतो, कारण मुख्याध्यापक सरांकडे गेलं की सर सही देणारच असं धरून चाललेलो असतो. मीही तेच केलं. सर म्हणाले, "तूच लिहून आण गं, मी सही करतो." मग एक लेटर मुख्याध्यापकांच्या नावाने आणि दुसरं आधीच्या शाळेतल्या सुपरवायझर मॅडमच्या नावाने, दोन्ही एकाच रात्री बसून लिहिली. इंटरव्ह्यू छान झाला, आणि आठवड्याने तिकडून सरांना फोन, की लेटरमध्ये रीडिंग क्लबचं लिहिलंय त्याबद्दल जरा सांगा. रीडिंग क्लब खरा होता, शनिवारी शाळा सुटल्यावर मुलं थांबायची, पण सरांनी ते लेटर वाचलंच नव्हतं, त्यांना काही सांगता येईना. ती नोकरी तिथेच गेली. सरांचा काही दोष नाही यात, मीच त्यांना वाचायला दिलं नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगते, स्वतः लिहून नुसती सही घेऊ नका. त्याऐवजी एका कागदावर मुद्दे काढा: कोणत्या वर्षी कोणता वर्ग होता, पट किती, काय नवीन केलंत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरांनी स्वतः काय पाहिलंय. तो कागद घेऊन मधल्या सुट्टीत नाही तर शाळा सुटल्यावर निवांत बसा. सरांना इंग्रजीत लिहायला अवघड वाटत असेल तर त्यांना मराठीत बोलू द्या, तुम्ही समोर बसून उतरवून घ्या, इंग्रजीत टाइप करा आणि परत वाचून दाखवा, ते सांगतील तिथे बदला. शब्द त्यांचे राहतात आणि फोन आला तर ते अडखळत नाहीत. दुसऱ्या वेळी मी असंच केलं, तेव्हा सर आपणहून म्हणाले, "अगं तो सातवी ब मधला पोरगा, तोंड उघडत नव्हता, त्याला तू परिपाठात इंग्रजी बातम्या वाचायला उभं केलंस ना?" मी विसरलेच होते! ते एक वाक्य लेटरमध्ये गेलं आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्याच्यावरच आला. "हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल" हे सगळ्यांच्याच लेटरमध्ये असतं, असा प्रसंग फक्त तुमच्याच लेटरमध्ये असतो.

अजून एक घोळ खूप जणांचा होतो, तो म्हणजे एक्सपिरियन्स सर्टिफिकेट आणि रेफरन्स लेटर एकच समजायचं. सर्टिफिकेटमध्ये कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर, एवढंच असतं आणि ते व्हिसाच्या वेळी बऱ्याचदा लागतं. पण तुम्ही वर्गात कशा आहात, मुलांशी कशा वागता, हे ज्यात असतं ते रेफरन्स. आणि वर "टू हूम इट मे कन्सर्न" (म्हणजे कुणा एकाच्या नावाने नसलेलं, ज्याचा संबंध असेल त्याला) लिहिलेलं लेटर ब्रिटिश करिक्युलमच्या शाळेत सहसा चालत नाही. इंग्लंडच्या शिक्षण खात्याची मुलांच्या सुरक्षिततेबद्दल शाळांसाठी गाईडलाईन आहे, तिच्यात स्पष्टच म्हटलंय की अशा मोघम लेटरवर विसंबू नका, रेफरन्स थेट मागवा आणि शक्यतो इंटरव्ह्यूच्या आधी मागवा. गल्फमधल्या बऱ्याच ब्रिटिश शाळा हीच पद्धत पाळतात. म्हणजे तुम्ही पीडीएफ जोडलीत तरी शाळा सरांना वेगळा फॉर्म पाठवणार, आणि त्यात प्रश्न असणार की यांच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का, मुलांसोबत काम करायला या योग्य वाटतात का, परत नोकरीवर घ्याल का. आपल्याकडे असे प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे सरांना राग येऊ शकतो किंवा ते रकाना कोरा सोडतात, आणि तिकडे कोऱ्या रकान्याचा अर्थ शंका असा घेतला जातो. त्यांना आधीच सांगून ठेवा की हा फॉर्म सगळ्यांनाच येतो.

कुणाकडे मागायचं? पहिलं आत्ताच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, याला पर्याय नाही. दुसरं सुपरवायझर किंवा आधीच्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि नवीन असाल तर बी.एड.च्या इंटर्नशिपला ज्यांनी तुमचे पाठ पाहिले त्या मॅडम. संस्थेचे अध्यक्ष, नगरसेवक, ओळखीचे प्राध्यापक यांची नावं मोठी असतील पण त्यांनी तुमचा तास पाहिलेला नाही, नका देऊ. आत्ताच्या शाळेत सांगायची भीती वाटते हे मला माहितीये, पण सरांना बाहेरून ईमेल येऊन कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं कधीही बरं. शिवाय खाजगी अनुदानित शाळेत कायम असाल तर ३ महिन्यांची नोटीस द्यावीच लागते, त्यामुळे लपवून फार काही साधत नाही.

आता कागदाचं. शाळेचं लेटरहेड, त्यावर ११ अंकी यूडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), तारीख, सही, गोल शिक्का, खाली सरांचं पूर्ण नाव, पद, फोन आणि ईमेल. ईमेल शाळेचा असेल तर उत्तम, सरांचा घरचा जीमेल बघून तिकडचे लोक बिचकतात. आपल्या बऱ्याच शाळांना वेगळा ईमेल नसतो हे खरंय, मग निदान जो ईमेल लेटरहेडवर छापलाय तोच द्या. आणि नाव! लेटरमधलं नाव पासपोर्टसारखंच हवं. आपल्याकडे शाळेच्या रेकॉर्डला आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, लग्नानंतर बदललं तर अजून वेगळं, आणि शाळेत सगळे ओळखतात ते तिसऱ्याच नावाने. माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव आहे, म्हणून लेटरमध्ये सरांनी एक ओळ घातली की या आधी अमुक नावाने ओळखल्या जायच्या, पुढे तेवढ्याने भागलं.

वेळ बघून मागा. ब्रिटिश शाळांची भरती जानेवारी ते मार्चच्या आसपास जोरात असते कारण त्यांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे बोर्डाची परीक्षा, शाळेला दहावीचं केंद्र असेल तर सरांना पाणी प्यायला वेळ नसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच मागितलंत तर सर शांतपणे लिहितात. तिथल्या भारतीय करिक्युलमच्या शाळा एप्रिलला सुरू होतात, त्यांच्यासाठी तर त्याहून आधी.

सगळं पाठवून झालं की सरांना व्हॉट्सॲपवर शाळेचं नाव, देश, कोणत्या पदासाठी अर्ज केलाय आणि लेटरची कॉपी पाठवून ठेवा. ओमान, कतार, कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणजे त्यांचा फोन आपल्या रविवारी येऊ शकतो, दुबईत मात्र आता शनिवार-रविवार सुट्टी आहे. परदेशी नंबर दिसला की आपले लोक फ्रॉड समजून कट करतात, तेव्हा तेही सांगा. आणि चार-पाच दिवस काही हालचाल नाही असं वाटलं तर सरांच्या शेजारी बसून त्यांचा स्पॅम फोल्डर उघडा, माझा दुसऱ्या वेळचा फॉर्म तिथेच पडला होता.