दहशतवादी हल्ल्यानंतरची सरकारी मदत: पाच लाखांची अट आणि रेल्वेचा आठ लाखांचा दावा

हल्ल्याच्या संध्याकाळी टीव्हीवर जाहीर होते ती रक्कम आणि नियमाने मिळणारी रक्कम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका ठिकाणी अर्ज दिला म्हणून दुसरीकडचे पैसे आपोआप येत नाहीत.

केंद्रीय गृह मंत्रालयाची योजना २००८ पासून आहे. २०१६ मध्ये तिची रक्कम ३ लाखांवरून ५ लाख झाली. मृत्यू किंवा ५० टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व असेल तरच ती लागू होते. जळालेलं दुकान, मोडलेली टॅक्सी तिच्यात बसत नाही. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. मृत्यूचा दाखला, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, वारसाचे कागद आणि पासबुक जोडा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अडतं ते बहुतेक टक्क्यांवर. अपंगांच्या बऱ्याच सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात, म्हणून लोक ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र घेऊन निर्धास्त राहतात. इथे ते चालत नाही. इजा याच घटनेतली आहे आणि ती कायमची आहे, हे कागदावर स्पष्ट हवं. इस्पितळाच्या यादीत नाव चुकलं असेल किंवा ‘अनोळखी’ अशी नोंद असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्या. घटनेमुळे कुटुंबात कुणाला सरकारी नोकरी दिली गेली, तर ही मदत मिळत नाही. राज्याच्या सानुग्रह रकमेची मात्र आडकाठी नाही. आणखी एक: पैसे हातात पडत नाहीत. ते तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जातात, खात्यावर येतं ते व्याज. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

स्फोट लोकलमध्ये, फलाटावर किंवा स्थानकाच्या आवारात झाला असेल, तर रेल्वे कायद्याचं कलम १२४अ पाहा. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख आहेत, इजेसाठी ठरलेला तक्ता आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षाच्या आत. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावं लागतं. जखमी किंवा मृत व्यक्ती ‘प्रवासी’ असली पाहिजे. कोणत्याही तारखेचं वैध तिकीट किंवा प्लॅटफॉर्म तिकीट असलं तरी पुरतं, पण तिकीट काढायला रांगेत उभा असलेला माणूस इथे अडकतो. पास स्फोटात गेला असेल, तर घाबरू नका: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितलं की नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. प्रवासाचा तपशील देणारं प्रतिज्ञापत्र करा. जुने पास घरात असतील, तर तेही जोडा.

आरोपी सापडलाच नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३५७अ) अशा वेळीही भरपाईसाठी अर्जाची मुभा देतं आणि चौकशीला दोन महिन्यांची मुदत घालतं. अर्जावर तारखेचा शिक्का घ्या, मुदत मोजायला तोच लागेल.