एक इंग्रजी शब्द, लात्व्हियनमध्ये चार: नेमका कसा निवडावा

इंग्रजी-लात्व्हियन शब्दकोशात ‘नो’ हे क्रियापद शोधलं की चार शब्द समोर येतात: झिनात, पझीत, प्रस्त, मात्सेत. यातला पहिला उचलून वाक्यात बसवला की चूक झालीच म्हणून समजा. लात्व्हियाची राजधानी रीगात शिकायला गेलेले विद्यार्थी आणि ॲपचा मजकूर लात्व्हियनमध्ये आणणारे अनुवादक, दोघंही इथेच अडखळतात. मराठी माणसाला मात्र यातून सुटायचा एक सोपा रस्ता आहे: इंग्रजी शब्द आधी मराठीत फोडायचा आणि मगच लात्व्हियनकडे वळायचं.

उच्चारांबद्दल थोडं: खाली ‘झ’ लिहिलाय तिथे ह-कार नाही, तो ‘झेन’मधला झ समजा. शेवटचा ‘आ’ बहुतेक ठिकाणी आखूड आहे.

पायरी १: वाक्य मराठीत म्हणून बघा

‘आय नो द आन्सर’ म्हणजे मला उत्तर माहीत आहे. ‘आय नो हिम’ म्हणजे मी त्याला ओळखतो. ‘आय नो लात्व्हियन’ म्हणजे मला लात्व्हियन येतं. मराठीत तीन वेगळी क्रियापदं आली, आणि लात्व्हियनही जवळपास त्याच जागी तुटतं. माहीत असणे म्हणजे झिनात, ओळखणे म्हणजे पझीत. भाषा येणे म्हणजे प्रस्त. पोहता येणे, शिवता येणे अशा हातच्या कौशल्यांना मात्सेत आणि प्रस्त दोन्ही चालतात.

‘आस्क’चंही तसंच. प्रश्न विचारणे म्हणजे यौतात, विनंती करणे किंवा मागणे म्हणजे लूग्त. इंग्रजीतून थेट गेलात तर मदत मागायच्या जागी मदतीबद्दल चौकशी करून बसाल.

‘राइट’ची चिरफाड सगळ्यात जास्त होते. उत्तर बरोबर असेल तर परेइझ्स. उजवा हात म्हणजे लबा रुओका. हक्क म्हणजे तिएसीबस. ‘तुझं बरोबर आहे’ असं माणसाला म्हणायचं तर ‘तेव तैस्नीबा’. या शेवटच्या वाक्यात ‘तेव’ म्हणजे ‘तुला’. इंग्रजीतला ‘यू आर’चा साचा तिथे बसतच नाही.

हा ‘ला’ नीट पकडून ठेवा, कारण लात्व्हियनमध्ये इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखं क्रियापद नाही. ‘मन इर ब्रालिस’ म्हणजे शब्दशः ‘मला आहे भाऊ’. ‘मन पतीक रीगा’ म्हणजे ‘मला आवडते रीगा’. आवडणारी गोष्ट मराठीप्रमाणेच प्रथमेत राहते. ‘मी’साठी असलेला ‘एस’ हा शब्द इथे घुसडला की वाक्य मोडतं.

पायरी २: मराठी जिथे फोडत नाही, तिथे जास्त जपा

मराठीवरचा भरवसा इथे थोडा आवरावा लागतो. ‘जाणे’ आपल्याला एकच; लात्व्हियनमध्ये पायी जाणं इएत, वाहनाने जाणं ब्रौक्त आणि विमानाने जाणं लिदुओत. पुण्याहून मुंबईला निघालेल्या माणसासाठी इएत वापरलंत तर तो चालत निघाला असा अर्थ होईल. अपवादही ध्यानात ठेवा: ‘मुलगा शाळेत जातो’, म्हणजे शिकतो, या अर्थी इएत चालतं, मग तो बसने का जाईना. घड्याळ चालतं तेही इएतच.

‘घालणे’ तर याहून बारकाईचं. कोट घालताना उझ्विल्क्त, बूट घालताना अपौत, टोपी घालताना उझ्लिक्त. गळ्याभोवती रुमाल बांधायचा तर अप्सिएत. म्हणजे ‘पुट ऑन’ दिसलं की आधी वस्तू कोणती ते बघायचं. वस्तू वाक्यात नसेल तर मूळ मजकूर लिहिणाऱ्याला विचारायचं, अंदाजावर शब्द टाकायचा नाही.

खेळण्यातही असाच फरक आहे. फुटबॉल किंवा पियानो असेल तर स्पेलेत. लहान मूल आपल्याआपण खेळत असेल तर शेवटी ‘इएस’ लागून स्पेलेतिएस.

उलट दिशेने काही ठिकाणी लात्व्हियनही एका शब्दात भागवते. स्तुंदा म्हणजे तास, साठ मिनिटांचाही आणि गणिताचाही. हाताचं बोट आणि पायाचं बोट दोन्ही पिर्क्स्त्स. अस्स म्हणजे धारदार सुरीही आणि तिखट रस्साही, त्यामुळे ‘हॉट’ चटणीला कर्स्त्स म्हटलंत तर ती नुसती गरम होईल. लैक्स म्हणजे वेळ आणि हवामान दोन्ही. पण ‘तीन टाइम्स’मधला टाइम म्हणजे खेप; तिथे रेइझे हा शब्द येतो.

पायरी ३: बटणावरचा सुटा शब्द असेल तर संदर्भ मिळवा

सुटा शब्द सगळ्यात घातक. ‘सेव्ह’ फाइलसाठी असेल तर सग्लबात, वीज किंवा पैसे वाचवायचे असतील तर तौपीत, बुडणाऱ्याला वाचवायचं असेल तर ग्लाब्त. मराठीत शेवटच्या दोन्हींना ‘वाचवणे’च म्हणतो, म्हणून इथे पहिली पायरी पुरी पडत नाही. बँकेच्या ॲपमध्ये ग्लाब्त छापलं गेलं तर ग्राहकाचे पैसे संकटात सापडलेत असं वाटेल.

‘फ्री’ आसनावर असेल तर मोकळं, म्हणजे ब्रीव्स. किमतीच्या रकान्यात असेल तर फुकट, म्हणजे बेझ मक्सस. ‘ऑर्डर’ दुकानात पसूतीयुम्स, क्रमाला सेत्सीबा, शिस्तीला कार्तीबा, सैन्यात पवेले. ‘डेट’ कॅलेंडरवर दतुम्स, प्रेमिकांची भेट रन्दिन्श आणि खायचा खजूर दतेले. पाककृती आणि कॅलेंडर एकाच ॲपमध्ये असतील तर हा गोंधळ हमखास होतो.

पत्त्यातला ‘फ्लोअर’ वेगळा जपायला हवा. पायाखालची जमीन ग्रीदा, मजला स्ताव्स. पण लात्व्हियात आपला तळमजला हाच पहिला मजला. म्हणजे आपल्या तिसऱ्या मजल्याचं भाषांतर ‘त्सेतुर्तैस स्ताव्स’, अर्थात चौथा मजला. शब्द बरोबर आणि आकडा चूक असेल तर पाहुणा भलत्याच दारात उभा राहील.

पायरी ४: शब्द सापडला की त्याची विभक्ती आणि वचन बघा

द्विभाषिक कोशातून उमेदवार शब्द निवडा आणि मग तेझाउर्स या लात्व्हियन ऑनलाइन कोशात तो उघडा. तिथे अर्थ क्रमांकाने दिलेले असतात आणि रूपांचा तक्ताही मिळतो. तुमचा अर्थ कितव्या क्रमांकाचा आहे ते ठरवून त्याखालची उदाहरणं वाचा.

क्रियापद कोणती विभक्ती घेतं हे तिथेच टिपून ठेवा. मदत करणे, पलीद्झेत, चतुर्थी घेतं. ‘बहिणीला मदत करणे’ म्हणताना आपणही ‘ला’च लावतो. वाट पाहणे, गैदीत, मात्र द्वितीया घेतं. आपल्या ‘बसची वाट’मधली षष्ठी तिथे नेऊ नका, आणि इंग्रजीतल्या ‘फॉर’साठी वेगळा शब्दही शोधू नका.

काही नामं फक्त अनेकवचनी असतात. ‘ग्लास’चे तीन अर्थ घ्या: काच म्हणजे स्तिक्ल्स, पेला म्हणजे ग्लाझे, चष्मा म्हणजे ब्रिल्लेस. यातला चष्मा कायम अनेकवचनी. दार, दुर्विस, हेही तसंच. एकच दार उघडं असलं तरी विशेषण अनेकवचनीच लागतं.

पायरी ५: दीर्घ खुणा तपासा

लात्व्हियनमध्ये स्वरावरची आडवी रेघ म्हणजे दीर्घ उच्चार. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ जेवढे वेगळे, तेवढाच फरक तिथे पडतो. काझस म्हणजे लग्न, कझस म्हणजे शेळ्या. पीले म्हणजे बदक, पिले म्हणजे थेंब. रेघेविना टाइप करून शोधलंत तर भलताच शब्द बरोबर समजून घ्याल. म्हणून संगणकावर लात्व्हियन कीबोर्ड आधीच बसवून घ्या आणि निमंत्रणपत्रिका छापायला देण्याआधी प्रत्येक रेघ बोट ठेवून मोजा.

पायरी ६: उलटं भाषांतर करून बघा

तयार लात्व्हियन वाक्य इंग्रजी मूळ झाकून मराठीत आणा. ‘मी त्याला ओळखतो’च्या जागी ‘तो मला माहीत आहे’ असं काही उतरलं तर पहिल्या पायरीवर परत जा. त्यानंतर लात्व्हियन मजकुराच्या संग्रहात तीच शब्दजोडी शोधा. क्रियापद आणि नाम जवळजवळ येणारी पाच-सहा वाक्यं मिळाली तर जोडी खरी. एकही मिळालं नाही तर दुसरा उमेदवार घ्या.

मजकूर थेट वाचकाशी बोलत असेल तर शेवटी ‘यू’वर एक नजर टाका. तू म्हणजे तु, तुम्ही म्हणजे यूस, आणि क्रियापदाचा प्रत्ययही त्याबरोबर बदलतो. अनोळखी ग्राहकाला यूसच म्हणायचं. एका पानावर तु आणि पुढच्यावर यूस असं झालं असेल तर सगळी पानं पुन्हा तपासा.